एक सुलभक आणि सहा जोडपी

माझ्यामुळे चार लग्नं मोडली असं आमच्या कार्यालयात अजून बोललं जातं. हे साफ खोटं आहे. तीन मोडली. चौथं नुसतं पुढं ढकललं होतं, ते नंतर आपलं आपणच मोडलं. त्याचंही खापर माझ्या डोक्यावर फोडायचं म्हणजे अति झालं.

मी विवाह नोंदणी कार्यालयात मुख्य लिपिक आहे. तीस वर्षं लोकांची लग्नं कागदावर लावतोय. सही कुठं करायची तिथं बोट ठेवायचं, साक्षीदार उशिरा आला की घड्याळाकडं बघायचं आणि शिक्का उलटा पडू द्यायचा नाही, एवढीच माझी विवाहसंस्थेची सेवा. पुढं ती माणसं सुखात नांदतात की एकमेकांच्या उरावर बसतात, हा प्रश्न आमच्या खात्याचा नव्हता. तो आमच्या खात्याचा झाला एका परिपत्रकामुळं.

परिपत्रकात म्हटलं होतं की लग्नाची नोटीस देणाऱ्या जोडप्यांसाठी यापुढं चार शनिवार 'सहजीवन शिक्षण वर्ग' घ्यावेत, आणि त्यासाठी कर्मचाऱ्यांतून एक 'सुलभक' नेमावा. अट एकच : सुलभकाचा विवाह किमान वीस वर्षं टिकलेला असावा.

साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब स्वतः बायकोपासून वेगळे राहतात, त्यामुळं ते बाद. टायपिस्टनं लग्नच केलेलं नाही. इतकी लग्नं रोज टाइप केल्यावर इच्छा मेली म्हणतो. कॅशियरची दोन लग्नं. पहिलं नऊ वर्षं, दुसरं बारा.

"बेरीज एकवीस होते," कॅशियर आशेनं म्हणाला.

"बेरीज चालत नाही," साहेब म्हणाले, आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. टिकलं होतं, यात शंका नाही. आमच्या माळ्यावरची पत्र्याची पेटीसुद्धा टिकलेली आहे. ती कुणी उघडत नाही म्हणून टिकली आहे.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात अर्धा दिवस काम करते. छापलेले कागद घड्या घालून, टाचून, चिकटवून पुस्तक करायचं. तिचे हात घरीही रिकामे नसतात; त्या वेळी ती वाण्याकडची पुडी उलगडून तिच्या कागदाची नीट चौकोनी घडी घालत होती.

"मला सुलभक नेमलंय," मी म्हणालो.

"म्हणजे काय?"

"जोडप्यांना नात्याबद्दल शिकवायचं."

तिनं घडीवर नख फिरवलं. "तुम्ही?" म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. मग मी लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीला फोन केला. तीही "बाबा, तुम्ही?" एवढंच म्हणाली आणि इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी फोन कट झाला. घरातल्या दोन बायकांचं या बाबतीत इतकं एकमत पूर्वी कधी झालेलं नव्हतं.

शेजारीपाजारी मात्र उत्साहात होते. खालच्या काकूंना वाटलं, सुलभक म्हणजे सार्वजनिक स्वच्छतागृहांचं काही काम असावं. "वाईट वाटून घेऊ नका हो, कुणीतरी ते करायलाच हवं," असं त्यांनी माझं सांत्वन केलं. खरा प्रकार कळल्यावर म्हणाल्या, "जोडप्यांना मिळून एक भिंत रंगवायला लावा. ब्रश हातात आला की माणूस कळतो. आमचे हे एका भिंतीत कळले होते." वरच्या मजल्यावरचे निवृत्त गुरुजी जिन्यात अडवून म्हणाले, "एकच धडा द्या. बायको बोलत असताना मान हलवायची. डावीकडं-उजवीकडं नाही, खाली-वर." गुरुजींची पत्नी बारा वर्षांपूर्वी माहेरी गेली ती परत आलेली नाही. पण सल्ल्याला अनुभव लागतो, यश लागत नाही.

प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं. शिकवणाऱ्या बाई मऊ आवाजात बोलायच्या. त्या म्हणाल्या, "सुलभकानं सल्ला द्यायचा नाही. निवाडा करायचा नाही. कुणाची बाजू घ्यायची नाही. उपदेश तर मुळीच नाही."

मी हात वर केला. "मग करायचं काय?"

"जागा तयार करायची."

हे मला एकदम पटलं. जागा तयार करणं म्हणजे खुर्च्या मांडणं, आणि त्यात कुणाच्या बापाला हार जाणारा मी नव्हे. बाईंना आतली, मनातली जागा म्हणायची होती, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. तोवर मी पहिल्या दिवशीच्या वहीत खुर्च्यांचा नकाशा काढून ठेवला होता.

एवढं करून खुर्च्यांचंही धड जमलं नाही. जोडप्यांनी गोलात बसायचं असतं, आणि आमच्या दालनातली बाकं जमिनीला बोल्टनं जखडलेली. बोल्ट काढायला बांधकाम विभागाची परवानगी लागते. बांधकाम विभाग म्हणाला, बाकांची नोंद भांडार विभागाकडं आहे. भांडारवाला म्हणाला, जमिनीला जखडलेली वस्तू ही वस्तू नसून जमीन समजावी. तीन आठवडे माझी फाइल वस्तू आणि जमीन यांच्या मध्ये लोंबकळली. शेवटी आमच्या म्हाताऱ्या शिपायानं कुठूनतरी चौदा खुर्च्या उसन्या आणल्या. चांगल्या होत्या, मजबूत होत्या. फक्त प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'शोकसभा समिती' असं लिहिलेलं होतं.

पहिल्या शनिवारी सहा जोडपी आली. ती शोकसभेच्या खुर्च्यांवर गोलात बसली आणि माझ्याकडं बघायला लागली. पहिला पाठ ऐकण्याचा. एकानं तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड उघडायचं नाही, आणि मग जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. ऐकायला किती साधं वाटतं! मलाही वाटलं होतं.

पहिली आली चष्म्याच्या दुकानात काम करणारी मुलगी. तिचा होणारा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, आमच्याच इमारतीची लिफ्ट बघतो. मुलगी तीन मिनिटं सावकाश, नीट बोलली. म्हणाली, तुझी आई मला आवडते, पण तिच्याच घरात, तिच्याच स्वयंपाकघरात मला राहायचं नाही. दोन खोल्या वेगळ्या बघू, मग लग्न करू.

"आता तुम्ही काय ऐकलंत ते सांगा," मी लिफ्टवाल्याला म्हणालो.

तो प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाला, "तिला माझी आई आवडते."

"आणि?"

"आणि आईचं स्वयंपाकघर."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण मुलगी हसत नव्हती. ती म्हणाली, "दोन वर्षं मी हेच सांगतेय. मला वाटायचं, माझ्याच सांगण्यात काही चुकतंय."

मग बाकीच्यांनीही पाठ मनावर घेतला. एका शिक्षिकेच्या लक्षात आलं की होणाऱ्या नवऱ्याला ती काय शिकवते हेच माहीत नाही. एका मुलाच्या लक्षात आलं की आपल्याला लग्नच करायचं नाही, आपल्याला फक्त घरातून बाहेर पडायचं आहे. सोमवारी दोन जोडप्यांनी नोटिसा मागं घेतल्या. दुसऱ्या शनिवारचा पाठ 'मतभेद' हा होता. त्यानंतर तिसऱ्यानं घेतली.

त्या मंगळवारी शिक्षिकेचे वडील कार्यालयात आले आणि माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "माझ्या मुलीच्या डोक्यात काय भरवलंत?"

"काही भरवलं नाही हो. सल्ला द्यायला आम्हाला बंदी आहे."

"मग केलंत काय?"

"जागा तयार केली."

त्यांनी खुर्च्यांच्या पाठीवरची अक्षरं वाचली, आणि पुढं ते जे बोलले ते मी इथं लिहीत नाही.

साहेबांनी आत बोलावलं. "हे नोंदणी कार्यालय आहे," ते म्हणाले. "लोक इथं लग्न करायला येतात. सहातली तीन गेली! मुख्यालय मला आकडा विचारणार, मी काय सांगू?"

"साहेब, ती तीन लग्नं झाली असती तर..."

"तर ती मोडायचं काम दुसऱ्या कार्यालयाचं होतं. त्यांचं काम तुम्ही का करता?"

खुलासा मागवणारं पत्र त्याच दिवशी मिळालं. तीस वर्षांच्या नोकरीत पहिलं. मी चार पानी खुलासा पाठवला, त्यात 'सद्हेतूने' हा शब्द सात वेळा होता. मुख्यालयाचं उत्तर एका ओळीचं आलं : नियम सात (ब) प्रमाणे सुलभक एकटा नसून दांपत्य असणे आवश्यक, वर्ग अनियमित, पुढील शनिवारी पत्नीसह हजर राहावे, निरीक्षक येतील.

आता बायकोला विचारणं आलं. आमच्या घरात बोलणं नव्हतं असं नाही. गॅस बंद केलास का, केला. किल्ली घेतली का, घेतली. वीज गेली, आली. या विषयांवर आम्ही सव्वीस वर्षं अखंड संवाद साधत होतो. पण त्यापलीकडचं वाक्य कुठून सुरू करायचं, तेच आठवेना. शेवटी मी कागदच तिच्यापुढं ठेवला.

"शनिवारी तुला यायचंय," मी म्हणालो.

तिनं वाचला. "हे विचारताय की सांगताय?"

"विचारतोय."

"मग विचारल्यासारखं म्हणा ना."

मी म्हटलं. दोनदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा आवाज हुकुमासारखाच निघाला. "येईन," ती म्हणाली. मला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या शनिवारी उरलेली तीन जोडपी होती, मागं वही घेऊन बसलेला निरीक्षक होता, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर ती होती. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. वर्गाच्या सुरुवातीला सुलभकानं स्वतःच्या सहजीवनातला एक छोटा अनुभव सांगायचा असतो. मी तयारी करून गेलो होतो. अनुभव पडद्यांचा होता. मला निळे हवे होते, तिला पिवळे. मी शांतपणे तिचं ऐकून घेतलं आणि पिवळे आणले. मी तो चढउतारांसह सांगितला. निरीक्षकानं वहीत काहीतरी लिहिलं. मला बरं वाटलं.

"वहिनींचा अनुभव?" निरीक्षक म्हणाला. "दोघांचा हवा."

"पडद्यांचं खरं आहे," ती म्हणाली. "पिवळेच आहेत." मग थोडं थांबून म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीत गाठ लागली हाताला."

मला वाटलं, ती दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय.

"त्या संध्याकाळी यांची सोसायटीत सभा होती, पाण्याच्या टाकीवरून भांडण होतं. हे चपला घालत होते. मी म्हटलं, मला काही सांगायचंय. हे म्हणाले, आल्यावर. आल्यावर यांनी टाकीचं सांगितलं. कोण काय म्हणालं, मग हे काय म्हणाले. दोन तास. मी म्हटलं, जाऊ दे. दुसऱ्या दिवशी एकटीच गेले. सुई घालून तपासली. रिपोर्टला तीन दिवस लागले. ते तीन दिवस मी रोज यांना डबा करून दिला."

निरीक्षकानं पेन खाली ठेवलं.

"मग?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

"साधी निघाली. दर सहा महिन्यांनी दाखवायला लागतं. दाखवते."

यावर सुलभकानं काय करायचं असतं, हे प्रशिक्षणात मी लिहून घेतलं होतं, पण ते पान कुठं होतं कुणास ठाऊक. चष्म्याच्या दुकानातली मुलगीच म्हणाली, "आता काकांनी सांगायचं. काय ऐकलं ते."

"तिला गाठ झाली होती," मी म्हणालो, "आणि मी सभेला गेलो होतो."

"नाही," बायको म्हणाली. "मी एकटी होते, असं म्हटलं मी."

"असं तू कुठं म्हटलंस?"

"म्हटलं नाही. पण तेच म्हटलं."

पुढं माझं जे झालं त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. लिफ्टवाल्यानं स्वतःचा रुमाल दिला, त्याला ग्रीसचा वास होता, आणि मी तो बराच वेळ तोंडावर धरून बसलो. बायको समोरच्या हजेरीच्या कागदाची घडी घालत होती.

निरीक्षकाचा अहवाल आला तो असा : 'वर्ग परिणामकारक. खुर्च्या बदलाव्यात. सुलभकाने भावनिक समतोल राखला नाही, पुनर्प्रशिक्षण द्यावे.' साहेबांनी तो फलकावर लावला. कॅशियर म्हणाला, "निदान परिणामकारक तरी आहात." तो मनानं चांगला आहे, पण या कार्यालयात चांगुलपणाला पाटावर बसवायची पद्धत नाही.

लिफ्टवाल्याचं आणि त्या मुलीचंही सांगून टाकतो. त्यांनी लग्न सहा महिने पुढं ढकललं. त्यानं खोल्या बघितल्या, आईला सांगायचं धैर्य काही झालं नाही. नोटिशीची मुदत संपली. आता लिफ्ट बिघडली की तो येतो, जमिनीवर पालथा पडून खाली बघतो आणि मला म्हणतो, "तिचं बरोबर होतं हो." लिफ्ट महिन्यातून दोनदा तरी बिघडते. उरलेल्या दोन जोडप्यांची लग्नं मी लावली; शिक्के सरळ पडले. बाकी मला काही माहीत नाही.

निरीक्षक आला होता त्या शनिवारी बायको आणि मी चालत घरी आलो. रस्ता पंधरा मिनिटांचा. मी मनात सात-आठ वाक्यं जुळवली, सगळ्यांत 'सद्हेतूने' येत होतं. शेवटी म्हणालो, "पुढची तारीख कधी आहे?"

"मंगळवार."

"मी येऊ?"

ती चालत राहिली. चपलांच्या दुकानापाशी थांबली, काचेत बघितलं. "या," म्हणाली. "पण तिथं कुणाशी भांडू नका."

मंगळवारी आम्ही दवाखान्यात गेलो. बायकांनी भरलेली खोली. चार पुरुष, चौघेही आपापल्या बुटांकडं बघत बसलेले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, दोन वर्षं झाली, पेशंटची माहिती नव्यानं भरून द्या. मी फॉर्म जवळजवळ हिसकावून घेतला. फॉर्म! अखेर एक गोष्ट मला येत होती.

नाव, पत्ता, जन्मतारीख झकास जमलं. रक्तगट मी 'बी' लिहिला. "ओ," ती म्हणाली. मी खोडलं. औषधाची ॲलर्जी? मी 'नाही' लिहिलं. "आहे," ती म्हणाली आणि एका गोळीचं नाव सांगितलं. "बाळंतपणात अंगभर पुरळ उठलं होतं. तुम्ही होता की." मी पुन्हा खोडलं. माझ्या आयुष्यात मी इतकी खाडाखोड केलेला कागद कधी पुढं सरकवला नव्हता. समोर कुणी असा आणला असता तर मी त्याला परत पाठवलं असतं.

फॉर्मला जुना फॉर्म टाचलेला होता. त्यातला शेवटचा रकाना : 'तातडीने कळवायची व्यक्ती.' तिथं तिच्या बारीक अक्षरात एका बाईचं नाव होतं. मी ते उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. नात्याच्या जागी लिहिलं होतं, 'मैत्रीण'.

"ही कोण?"

"कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर असते. अकरा वर्षं."

"कधी बोलली नाहीस."

मग मलाच वाटलं, बोलली असेल.

"बरं, आता इथं माझा नंबर घालतो," मी पेन सरसावून म्हणालो.

"राहू दे," ती म्हणाली. अजिबात रागानं नाही. "ती फोन उचलते."

मी पेन धरून बसलो. मग त्या मैत्रिणीचं नाव नव्या फॉर्मवर माझ्या हातानं लिहिलं, नंबर लिहिला, नातं लिहिलं. रकाना मोठा होता.

"खाली एक ओळ रिकामी आहे," मी म्हणालो.

तिनं चष्मा लावला, फॉर्म हातात घेतला, ओळ बघितली. "घाला," म्हणाली. "दुसरा नंबर म्हणून."

मी घातला. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. पर्स माझ्या मांडीवर ठेवून ती आत गेली. मी खिशातून फोन काढला आणि त्याचा आवाज पूर्ण वाढवला. परिचारिका लगेच आली आणि भिंतीवरच्या पाटीकडं बोट करून म्हणाली, "मोबाइल बंद ठेवायचा इथं."

"बंद नाही करता येणार," मी म्हणालो.

"का? कुणाचा फोन यायचाय?"

बायको वीस पावलांवर आत होती. फोन कुणाचा येणार होता? पण फोन मी बंद केला नाही. परिचारिका वाट बघून निघून गेली आणि तिनं खिडकीतल्या बाईंना माझ्याबद्दल काहीतरी सांगितलं. दोघी माझ्याकडं बघत राहिल्या.

चाळीस मिनिटांनी बायको बाहेर आली. हातात चिठ्ठी होती. "एक जागा पुन्हा बघायची म्हणतात," ती म्हणाली. "गुरुवारी."

"मी येतो."

"रजा आहे?"

"नाही."

"मग?"

"येतो."

ती माझ्या शेजारी बसली. बाहेर रिक्षा मिळेल का, वगैरे काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "भीती वाटली आत." मी मान हलवली नाही, काही परत सांगितलं नाही, सल्ला दिला नाही. मलाही वाटत होती. तसं मी म्हणालो, आणि मग आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो, पुढचा पेशंट येऊन "ही जागा रिकामी आहे का?" असं विचारेपर्यंत.